आधी रक्तात चालवून दाखवा

दर दोन-चार महिन्यांनी वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. अमुक संस्थेतल्या संशोधकांनी नॅनो सेन्सर बनवला. रक्ताच्या एका थेंबात हृदयविकार, डेंग्यू, कर्करोग ओळखणार, पाच मिनिटांत निकाल, खर्च अगदी नगण्य, लवकरच बाजारात. सोबत पांढऱ्या कोटातल्या चार जणांचा फोटो. मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते आणि या बातम्या वर्षानुवर्षं वाचत आले आहे. त्यातलं एकही यंत्र आमच्या ग्रामीण रुग्णालयात पोचलेलं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही, उपकेंद्रात तर नाहीच. लोकांना खोटी आशा लावण्याचा हा उद्योग आहे. तो करणारे शिकलेसवरलेले आहेत आणि बहुतेक जण सरकारी पैशावर काम करणारे आहेत, म्हणून मला त्याचा जास्त संताप येतो.

एक आक्षेप आधीच निकालात काढते. लॅबवाली बाई आहे, धंदा बुडेल म्हणून ओरडते, असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर सरळ आहे. छातीत कळ आलेला माणूस रात्री आमच्याकडे येतो तेव्हा त्याला पुढे जिल्ह्याला पाठवायचं की नाही, हे तिथल्या तिथे सांगणारं खात्रीचं यंत्र आलं तर मी ते पहिल्या दिवशी विकत घेईन. अशी यंत्रं हवीत म्हणूनच ती आल्याचा देखावा मला सहन होत नाही.

पुण्यातल्या एका परिसंवादात एका तरुण संशोधकाने ग्राफीनवर बनवलेला ट्रोपोनिनचा सेन्सर मांडला होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, त्यामुळे हार्ट अटॅकच्या निदानात ते कळीचं. आलेख देखणे होते आणि ओळखता येणारी किमान पातळी थक्क करणारी होती. मी उठून विचारलं, "किती रुग्णांच्या रक्तावर केलंत?" तो म्हणाला, "मॅडम, हे पीबीएसमध्ये आहे." पीबीएस म्हणजे मिठाचं स्वच्छ बफर द्रावण, ज्यात शुद्ध ट्रोपोनिन विकत आणून घातलं जातं. मी विचारलं, "पीबीएस तरी पूर्ण ताकदीचं होतं का?" ते शंभर पट पातळ केलेलं होतं. मग सीरमचा एक आलेख निघाला. तेही विकतचं सीरम, पातळ केलेलं आणि वरून ट्रोपोनिन घातलेलं. एकाही पेशंटच्या दंडाला सुई लागली नव्हती. त्याचे मार्गदर्शक पहिल्या रांगेतून म्हणाले, "हे प्रूफ ऑफ कन्सेप्ट आहे. पुढचं काम इंडस्ट्रीचं." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला हेच शिकवलं गेलं होतं. ते शिकवणाऱ्यांना मी जाब विचारते आहे.

बफर शंभर पट पातळ का करतात, हे बातमी लिहिणाऱ्यांनी कधी विचारलं आहे का? 2001 साली हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारेवर प्रथिनं ओळखून दाखवली आणि या क्षेत्राला उधाण आलं. कल्पना खरोखर सुंदर आहे. तारेवर अँटिबॉडी चिकटवायच्या, हवा तो रेणू येऊन त्यांना बिलगला की त्याच्या विद्युतभारामुळे तारेतला प्रवाह बदलतो आणि तो बदल मोजायचा. पण रक्त खारट असतं. त्यातले क्षारांचे आयन कुठल्याही भाराभोवती गर्दी करतात आणि तो झाकून टाकतात. रक्ताइतक्या खारटपणात भाराचा प्रभाव जेमतेम पाऊण नॅनोमीटरपर्यंत पोचतो. याला डेबाय लांबी म्हणतात. तारेवर उभी केलेली अँटिबॉडी मात्र दहाएक नॅनोमीटर उंच असते, म्हणजे तिच्या टोकाला पकडलेल्या रेणूचा पत्ता तारेला लागतच नाही. मग मीठ कमी करायचं, म्हणून बफर पातळ करायचं. शोधनिबंधात हे एका ओळीत उरकतात आणि बातमीत तर ती ओळही उरत नाही. या अडचणीवर प्रामाणिकपणे काम करणारे संशोधक जगात आहेत. पण अडचण लपवून वाहवा घेणारे त्यांच्याहून पुष्कळ जास्त आहेत.

मिठाचं एक सोडवलं तरी गर्दी उरतेच. अतिसंवेदनशील चाचण्यांमध्ये ट्रोपोनिनची धोक्याची रेषा लिटरला साधारण 20 नॅनोग्रॅमच्या आसपास असते. त्याच एका लिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन 40 ग्रॅम असतं. रेणूंचा हिशोब मांडला तर ट्रोपोनिनच्या एका रेणूमागे अल्ब्युमिनचे सुमारे 70 कोटी रेणू येतात. शिवाय ग्लोब्युलिन, फायब्रिनोजेन, फुटलेल्या पेशींमधून आलेलं हिमोग्लोबिन. ही सगळी प्रथिनं सेन्सरच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. बफरमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून तिथे सगळं चालतं.

आणि सेन्सर जितका लहान तितका चांगला, हा तर शुद्ध गैरसमज. अंगणात परात ठेवली तर भुरभुर पावसातही तिच्यात थेंब पडतात, तिथे बाटलीचं झाकण ठेवलं तर वाट बघत बसावं लागतं. नॅनोतारेचं तेच होतं. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतल्या पॉल शीहान आणि लॉइड व्हिटमन यांनी 2005 सालीच हे गणित मांडून ठेवलं आहे. रेणूंना मुद्दाम सेन्सरपर्यंत आणण्याची सोय केली नाही, तर व्यवहारात परवडेल एवढ्या वेळात एकटा नॅनोसेन्सर पिकोमोलरच्या आसपासच अडकतो. त्याखालच्या पातळीला रेणू आपणहून येऊन धडकण्यातच तासन् तास जातात. पाच मिनिटांत निकाल आणि फेम्टोमोलरची, म्हणजे पिकोमोलरच्याही हजारपट खालची, संवेदनशीलता हे दोन्ही दावे एकाच वाक्यात करणाऱ्याने द्रव कसा हलवला, रेणू कसे गोळा केले, हे आधी सांगितलंच पाहिजे. बहुतेक जण सांगत नाहीत.

अशा वेळी ग्लुकोमीटरचा दाखला हमखास पुढे येतो. घरोघरी साखर तपासता येते, तर कर्करोग का नाही? कारण रेणू मोजले तर रक्तातली साखर त्या ट्रोपोनिनपेक्षा सुमारे 600 कोटी पट जास्त असते. आणि ग्लुकोमीटरसुद्धा रातोरात आला नाही. लीलंड क्लार्क यांनी एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणण्याची कल्पना 1962 मध्ये मांडली. त्या तत्त्वावरचं प्रयोगशाळेतलं यंत्र 1975 मध्ये विक्रीला आलं. पेनाएवढा मीटर माणसाच्या खिशात यायला 1987 उजाडलं. इतक्या सोप्या रेणूसाठी पंचवीस वर्षं लागली.

आता त्या एका थेंबाकडे बघू. संशोधक त्याबद्दल बोलतात, आम्ही तो रोज काढतो. गडचिरोलीतली बाई धान लावून आलेली असते, बोटाची कातडी जाड झालेली. लॅन्सेट मारली तर ठिपक्याएवढं रक्त येतं. मग बोट दाबलं जातं. दाबलं की रक्ताबरोबर ऊतींमधलं पाणी येतं आणि पेशीही फुटतात. हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं, पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. थंडीत हात गार असले तर आणखी वेगळा आकडा. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, पण पंचवीस बायकांची रांग असली की तो पुसला जात नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाने 2015 मध्ये दाखवून दिलं की एकाच बोटाच्या लागोपाठच्या थेंबांमध्येही हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे बदलतात. शिरेतल्या रक्ताइतकी खात्री हवी असेल तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी घ्यावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे यंत्र निर्दोष असलं तरी थेंबच रोग्याबद्दल पूर्ण खरं सांगत नाही.

याची किंमत देश मोजतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिमोग्लोबिन बोटाच्या रक्तावर मोजलं गेलं. 2015-16 च्या चौथ्या फेरीत पाच वर्षांखालची 58.6 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लगेच नंतरच्या, 2016-18 च्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांमधलं प्रमाण 41 टक्के आलं. वयोगटात थोडा फरक आहे, पण सतरा टक्क्यांची दरी तेवढ्याने भरत नाही. पाचव्या फेरीत पुन्हा बोटाचंच रक्त आणि मुलांचा आकडा 67 टक्क्यांवर. अखेर सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणीच काढून घेतली आणि शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे ते काम गेलं. लोहाच्या गोळ्या, पोषण आहार, सगळी धोरणं ज्या आकड्यांवर उभी होती त्यांच्या मुळाशी लॅन्सेटचा थेंब होता. रक्तक्षय कमी आहे असं मी म्हणत नाही, तो रोज माझ्या टेबलावर दिसतो. पण आपण नेमकं काय मोजतो आहोत हे माहीत नसताना देशभर मोजत सुटणं हा बेजबाबदारपणा आहे.

तरीही अनुभवातून शिकायची आपली तयारी नाही. एप्रिल 2020 आठवा. करोनाच्या रॅपिड अँटिबॉडी चाचण्यांची लाखो किट चीनहून आली. बोटातून रक्ताचा थेंब, सोन्याच्या नॅनोकणांची लाल रेघ, पंधरा मिनिटांत निकाल. याहून नेमकं जागच्या जागी रक्त तपासणं कुठलं? राजस्थानने आधीच पॉझिटिव्ह ठरलेल्या रुग्णांवर किट वापरून बघितली आणि अचूकता 5.4 टक्के असल्याचं जाहीर केलं. 21 एप्रिलला आयसीएमआरने राज्यांना थांबायला सांगितलं, 27 एप्रिलला वोंडफो आणि लिव्हझॉन या दोन्ही कंपन्यांची किट परत करायला सांगितली. दिल्ली उच्च न्यायालयात किमतीचा वाद गेला तेव्हा कळलं की 245 रुपयांना आलेलं किट 600 रुपयांना दिलं जाणार होतं. न्यायालयाने ते 400 वर आणलं. किट वाईट होतीच, पण चूक त्याच्याही आधीची होती. अँटिबॉडी रक्तात दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ताज्या आजाराच्या निदानासाठी ती चाचणी कामाचीच नव्हती. ती कधी वापरायची, कोणावर वापरायची, याचा विचार न करता वेगाच्या मोहात ती देशभर वाटली गेली.

थेरानोसचं नाव इथे निघणारच. एलिझाबेथ होम्सने 2003 मध्ये काढलेली ही कंपनी बोटातल्या थेंबभर रक्तावर शेकडो तपासण्यांचं आश्वासन देत नऊ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनापर्यंत गेली. प्रत्यक्षात बऱ्याच तपासण्या बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर, नमुना पातळ करून चालल्या होत्या. 2018 मध्ये कंपनी बंद झाली, 2022 मध्ये होम्सला अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. आपले शास्त्रज्ञ याकडे बोट दाखवून म्हणतात की तो घोटाळा होता, आम्ही तसे नाही. तुम्ही गुंतवणूकदारांना फसवत नाही, हे मान्य. पण रक्तावर न चाललेली गोष्ट रक्तावर चालते असं छापून आणता, तेव्हा छातीत दुखत असूनही नव्या यंत्राची वाट बघत घरी बसणाऱ्या माणसाचं नुकसान तेवढंच होतं.

हे जमतच नाही असं मात्र कोणी समजू नये. जमलेली कामं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. गडचिरोलीत आशाताईंच्या पिशवीत मलेरियाचं रॅपिड किट असतं. त्यातही सोन्याचे नॅनोकणच आहेत. पण ती साधी पट्टी जगभर लाखो रुग्णांवर तावूनसुलाखून निघाली आहे, तिचे दोषही लिहून ठेवले गेले आहेत. फाल्सिपेरमचं प्रथिन आजार बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे उपचार झालेला माणूस पुन्हा पॉझिटिव्ह दिसू शकतो. आशाताईला हे शिकवलेलं असतं. किटच्या वेष्टनावर 30 किंवा 40 अंशांची मर्यादा छापलेली असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून किट कुठे ठेवायचं याची काळजी घ्यावी लागते. "लवकरच बाजारात" म्हणणाऱ्या किती सेन्सरांनी चंद्रपूरचा उन्हाळा पाहिला आहे?

सिकलसेलचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. आमच्या भागात, मेळघाटात, नंदुरबारला या आजाराने पिढ्या खाल्ल्या आहेत. जुनी सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आहे. रसायनात रक्त टाकायचं, ते गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण समोरचा माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिनच जास्त असतं, त्यामुळे तिथे ती कुचकामी ठरते. मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोवर पोरीचं लग्न ठरलेलं असतं किंवा तिला सातवा महिना लागलेला असतो. नेहमीचं हिमोग्लोबिन (एचबीए) आणि सिकलसेलचं (एचबीएस) वेगवेगळं ओळखणारी, थेंबभर रक्तावर चालणारी पट्टी इथे खरोखर आयुष्य बदलते. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने अशा किटांची पडताळणी केली आणि मग 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. या पडताळणीला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देशाच्या उपयोगाला मात्र तीच आली.

गोव्यात बनणारं मोलबायोचं ट्रूनॅट घ्या. बॅटरीवर चालतं, क्षयरोगाचा डीएनए ओळखतं, 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याच्यामागे वर्षानुवर्षांचं काम आणि हजारो नमुने आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या नवकांत भट यांच्या गटातून पाथशोध ही कंपनी निघाली. तिने हिमोग्लोबिन, एचबीए1सी, अल्ब्युमिन असे रक्तात भरपूर असलेले रेणू निवडले आणि मधुमेह्यांसाठी हातात मावणारं यंत्र बनवलं. आपल्या तंत्राला काय झेपेल हे ओळखून रेणू निवडायचा, ही खरी वैज्ञानिक अक्कल.

मग बाकीचे का अडतात? कारण त्यांना अडण्याचं काही नुकसानच नाही. 2007 मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं नॅनो मिशन जाहीर केलं, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शोधनिबंधांचा ढीग पडला. प्राध्यापकाची बढती निबंध आणि पेटंट मोजून होते. पाचशे रुग्णांच्या रक्तावर सेन्सर नापास झाला, असा निबंध कोण छापणार आणि त्यावर कोणाला बढती मिळणार? रुग्णालयाची नैतिक समिती, नमुने, एकाच सॅम्पलची प्रमाणित यंत्राशी तुलना, एका लॉटची पट्टी दुसऱ्या लॉटशी जुळते का, सहा महिने कपाटात पडून राहिल्यावर ती काय दाखवते, हे सगळं कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पैसा देणारा कोणी नाही. माझ्या लॅबमध्ये पहिला पेशंट घेण्याआधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावला जातो. तो मर्यादेबाहेर गेला तर बाहेर रांग कितीही असो, मशीन थांबतं. वेल्लोरच्या सीएमसीच्या बाह्य गुणवत्ता तपासणी योजनेत (ईक्यूएएस) दर महिन्याला आमचे आकडे देशभरातल्या लॅबांशी ताडले जातात. तालुक्याच्या लॅबला जी शिस्त लागू आहे ती देशातल्या नामवंत संस्थांना नको, हे मी मान्य करणार नाही.

सरकारने बायोसेन्सरच्या प्रत्येक प्रकल्पातला मोठा हिस्सा पहिल्या दिवसापासून पडताळणीसाठी बांधून ठेवावा आणि तो सेन्सर बनवणाऱ्यांच्या हाती न देता तिसऱ्याच रुग्णालयाकडे द्यावा. ती पडताळणी होईपर्यंत संस्थेच्या जनसंपर्क विभागाने तोंड बंद ठेवावं. निकाल नकारात्मक आला तरी छापणं सक्तीचं करावं, म्हणजे पुढच्या टोळीचे पैसे आणि वर्षं वाचतील.

वाचकांना आणि विशेषतः बातमीदारांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी एका थेंबाची बातमी समोर आली की संशोधकाला फोन करून विचारा: किती रुग्णांचं रक्त, पातळ न करता, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या यंत्राशी ताडून? किती जणांना खोटं पॉझिटिव्ह ठरवलं, किती जण सुटले? आकडे मिळाले तर पहिल्या पानावर छापा. नाही मिळाले तर ती बातमी छापू नका.